श्रावणाची बरणी

दौंडच्या कॉलेजात मराठी शिकवायला मी रुजू झाले ती नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये एकच बाई बसल्या होत्या. चाळिशीच्या आसपासच्या, बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेले, चष्म्याला काळी दोरी. मी खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीत बसले तसा त्यांनी चष्मा वर केला.

"इथं बसायला कुणी सांगितलं?"

"बाहेर शिपाईमामा होते, त्यांनी."

"तो शिपाई कशावरून?"

खाकी शर्ट घालून दाराशी उभे होते, मला वाटलं शिपाईच. मी तसं म्हटलं. बाई उठल्या, बाहेर डोकावून परत आल्या.

"देऊळगावचे बागायतदार आहेत. मुलाच्या ॲडमिशनला आलेत." मग जरा थांबून म्हणाल्या, "बसा. खुर्ची कुणाचीच नाही. पण विचारलेलं बरं असतं."

या सुर्वेबाई. प्राणिशास्त्र शिकवायच्या. माहेर कोकणातलं, दापोलीच्या खालच्या अंगाला एका खाडीवर. नवरा रेल्वेत मालगाडीचा गार्ड, म्हणून या समुद्र सोडून दौंडला आलेल्या. सुर्वेसाहेब अबोल गृहस्थ. ते ड्यूटीवरून कधी येतील याचा भरवसा नसायचा, आणि आले की झोपलेले असायचे. बाई म्हणायच्या, "आमच्यात भांडण होत नाही, कारण आम्ही दोघं एकदम जागे नसतो."

संशय हा त्यांचा स्वभाव होता. चहा आला की आधी वास घ्यायच्या. स्टाफरूममधल्या माठाचं पाणी त्यांनी कधी प्यायलं नाही. प्रयोगशाळेला कुलूप लावलं की ओढून बघायच्या, चार पावलं जायच्या आणि परत येऊन पुन्हा ओढायच्या. एसटीत कायम शेवटच्या बाकावर बसायच्या, म्हणजे पाठीमागं कुणी नको. आकाशवाणीनं पाऊस सांगितला की दाराबाहेर जाऊन वर बघायच्या. पाण्याचं तापमान मोजायला त्यांच्याकडं तीन तापमापक होते. एक का पुरत नाही, असं मी एकदा विचारलं.

"एकच असला तर तो म्हणेल ते खरं मानावं लागतं. दोन असले की भांडतात. तिसरा साक्षीला लागतो."

हे त्या हसून म्हणत नसत. जगाकडं त्या खरोखर असंच बघायच्या. सगळ्या दौंडमध्ये त्यांचा कुणावर विश्वास नव्हता. विश्वासाचा माणूस एकच, आणि तो खाडीवर होता. धाकटा भाऊ वसंता. आई लवकर गेल्यामुळं त्याला यांनीच वाढवलेला. "वसंतानं सांगितलं" असं म्हटलं की त्यापुढं त्यांचं "कशावरून" येत नसे.

बाई पीएच.डी. करत होत्या. विषय होता खाडीच्या तोंडाशी समुद्राच्या पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी आणि ऋतूंप्रमाणे त्यांच्यात होणारे बदल. पुस्तकात त्यांना प्राणिप्लवक म्हणतात. दौंडला बसून समुद्राचा अभ्यास, याची कॉलेजात बरीच चेष्टा व्हायची. मीही सुरुवातीला हसले. मग एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेवर एकच थेंब होता. मी डोळा लावला आणि दचकले. आतली गर्दी पोहत नव्हती, फॉर्मालिनमध्ये सगळे मेलेलेच होते, पण वस्ती काय म्हणाल. लांब मिशांचे, एका डोळ्याचे, पाठीवर अंड्यांच्या पिशव्या घेतलेले, काचेच्या काडीसारखे आरपार दिसणारे.

"तुम्ही केंदूरच्या ना? घरी जवळा खाता?"

"खातो की. कांद्यात परतून."

"तो यांच्यातलाच, जरा मोठा झालेला." मग त्यांनी काचेच्या काडीवर सुईचं टोक ठेवलं. "हा बाणकृमी. तोंडाशी आकडे बघा. हा पक्का खाऱ्या पाण्याचा. वैशाखात खाडीच्या तोंडाशी याचे थवे असतात. आषाढ लागला, डोंगराचं गोडं पाणी खाली आलं, की हा बाहेर समुद्रात सरकतो. मग गढूळ पाण्यात वरून वाहून आलेले गोड्या पाण्यातले प्राणी मिळतात, तेही विरळ. पाऊस सरला आणि पाणी पुन्हा खारं व्हायला लागलं की हा परत येतो. पाणी तेच, पण वस्ती वर्षभर बदलत राहते."

"पण हे नक्की कशावरून?" मी त्यांचाच शब्द त्यांना परत दिला.

त्यांना राग आला नाही. उलट त्या खूश झाल्या. "म्हणून तर जायचं दर महिन्याला," म्हणाल्या.

दर महिन्याला म्हणजे अमावास्येच्या आसपास. तेव्हा उधाणाची भरती असते. बाई सकाळच्या गाडीनं पुणं गाठायच्या आणि तिथून एसटीनं खाडी. सोबत पांढऱ्या तलम कापडाची टोकदार पिशवी, म्हणजे पाण्यात ओढायची जाळी, आणि रिकाम्या बरण्या. परत येताना बरण्या भरलेल्या, फॉर्मालिनचा वास सुटलेला. रेल्वे कॉलनीतल्या बायकांनी यावरून काय ओळखायचं ते ओळखलं. बाई ऐन अमावास्येला बाहेर पडते, पांढरं टोकदार काहीतरी नेते, बाटल्यांत जीव घालून आणते. एका सकाळी सुर्वेबाईंच्या उंबऱ्यावर हळदकुंकू लावलेलं लिंबू सापडलं.

दुसरी कुणी असती तर घाबरली असती, नाहीतर ओरडली असती. बाईंनी लिंबू उचललं, नखानं साल खरवडली, वास घेतला. कागदी लिंबू, ताजं, देठासकट. बाजारातल्या लिंबाला देठ राहत नाही. आणि कॉलनीत लिंबाचं झाड एकाच अंगणात. त्या सरळ त्या घरी गेल्या, कडी वाजवली, आणि दार उघडलेल्या बाईच्या हातात लिंबू ठेवून म्हणाल्या, "तुमचं आमच्या दारात राहिलं होतं."

त्यानंतर लिंबं यायची थांबली. कुजबुज मात्र थांबली नाही. बाईंनाही ती थांबावीशी वाटत होती असं नाही. त्यांच्यावर संशय घेणारा माणूस त्यांना मनातून आवडायचा, हे मला वडगाव रासाईला कळलं.

त्या वर्षी त्यांनी पोरांना भीमेवर प्रात्यक्षिकाला नेलं होतं, आणि मुली होत्या म्हणून मलाही बरोबर घेतलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, नदीत पाणी कमी, आणि उपशावर बंदी. आम्ही काठावर उतरलो तर एक म्हातारा घाईघाईनं पाइपावर उसाचं पाचट टाकत होता. आम्हाला बघून तो त्या पाचटावरच बसला.

"इरिगेशनच्या का तुमी?"

"नाही आबा. कॉलेजच्या."

"कशावरनं?"

बाईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा मोकळं हसू बघितलं. त्यांनी ओळखपत्र काढून दाखवलं. आबांनी ते उलटंसुलटं बघितलं. "फोटू तुमचाच हाय. पर कागूद कुनी बी करून देतंय आजकाल."

पोरांनी जाळी ओढली, पाणी बरणीत घेतलं. बाईंनी आबांना जवळ बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकातून त्यांच्याच नदीचा थेंब दाखवला. आबा बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले.

"ह्ये आमच्या पान्यात हाय?"

"हो."

"न्हाई. तुमच्या बाटलीतनं आलं आसंल. बाटली आदी दावा, मोकळी."

पोरं हसायला लागली. बाईंनी त्यांना गप्प केलं, नवी बरणी काढली, ती आबांच्याच हातून विसळवली, पाणीही त्यांच्याच हातून भरवलं आणि पुन्हा दाखवलं. तेच प्राणी दिसले तेव्हा आबा म्हणाले, "मंग आसंल. पर लई दिसांनी कुनी बाटली मोकळी दावली." परतीच्या वाटेवर बाई पोरांना म्हणाल्या, "तुमच्या सगळ्यांत एकच शास्त्रज्ञ होता, तो पाचटावर बसलेला." आबांच्या पाइपाबद्दल त्यांनी कुणाला अवाक्षर काढू दिलं नाही.

त्यांचा कॉलेजातला खास संशय देशमाने सरांवर होता. देशमाने त्यांच्याच विभागात, पाटसकडचे, मोठ्या आवाजाचे, दिलदार. तेही पीएच.डी. करत होते, भीमेतल्या माशांवर. प्रयोगशाळा एक, कपाटं शेजारी शेजारी. बाईंची खात्री होती की देशमाने आपली कपाटं उघडतात. कपाटाच्या फटीत त्या केस अडकवून ठेवायच्या. केस जागेवर नसला की दिवसभर देशमान्यांशी बोलायच्या नाहीत. देशमाने मला म्हणायचे, "बाई, पंखा लावला की केस उडतोय, त्यात माझा काय गुन्हा?"

यातूनच बाईंनी लाखेची युक्ती काढली. खाडीवरच बरणी भरली की झाकणाच्या कडेनं लाख वितळवून ओतायची आणि गरम लाखेवर अंगठा दाबायचा. लाख फोडल्याशिवाय बरणी उघडायची नाही. "आता कुणी काही केलं तर कळेल," असं त्या मला सांगत होत्या, पण आवाज देशमान्यांना ऐकू जाईल इतका होता.

मग त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. आषाढात अर्धांगाचा झटका आला. पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं बाईंवर. कॉलेजही चालू. दर महिन्याला कोकणात जाणं शक्यच नव्हतं, आणि अभ्यासातले पावसाळ्याचे महिने तर सगळ्यात मोलाचे. त्यांनी वसंताला कळवलं. तो म्हणाला, ताई, काळजी करू नको, मी भरून ठेवतो. खाडीत जाळी कशी ओढायची ते त्याला बाईंपेक्षा चांगलं ठाऊक होतं, होडी त्याचीच होती. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, अशा चार बरण्या तो भरणार आणि त्यावर लाख ओतून आपला अंगठा दाबणार, असं ठरलं. मार्गशीर्षात सासूबाई जरा उठून बसायला लागल्या, तेव्हा बाई जाऊन चारही बरण्या घेऊन आल्या. लाखेवर वसंताचा अंगठा होता. लहानपणी गळ लागून पडलेला आडवा व्रण लाखेतही उमटला होता.

पुढं जानेवारीतली दुपार. मी तास संपवून प्रयोगशाळेवरून जात होते तर आतून बाईंचा आवाज. त्यांचा आवाज कधी चढत नसे, म्हणून मी थांबले.

"सर, माझ्या बरण्यांना हात कुणी लावला?"

"बाई, तुमच्या कपाटाच्या सावलीला मी हुबा राहत न्हाई." देशमान्यांची गावाकडची बोली राग आला की वर यायची.

"मग माझ्या श्रावणात हा मार्गशीर्ष कुणी ओतला?"

मी आत गेले. टेबलावर दोन बरण्या उघड्या होत्या, दोन लाखबंद. बाईंनी मला हाताला धरून सूक्ष्मदर्शकाशी नेलं, साक्षीदार मिळाल्यासारखं. मला जेवढं शिकवलं होतं तेवढं दिसलं. काचेच्या काड्या. श्रावणाच्या बरणीत बाणकृमी भरलेले, पाणी स्वच्छ, गाळाचा कण नाही, गोड्या पाण्यातला एकही प्राणी नाही. आषाढाच्या बरणीतही तेच.

"पावसाळ्याची बरणी अशी असूच शकत नाही," बाई म्हणाल्या. "कुणीतरी माझं ओतून टाकलंय आणि दुसरं भरलंय. माझं वर्ष बुडावं म्हणून. इथं माझ्याशिवाय हे कळणारा माणूस एकच आहे."

देशमाने लालबुंद झाले. मला वाटलं आता काहीतरी तुटणार. पण ते पुढं आले आणि टेबलावरचा लाखेचा तुकडा त्यांनी उचलला.

"ही लाख तुमीच फोडली न्हवं?"

"हो. आज सकाळी."

"फोडली तवा शाबूत हुती?"

बाईंनी तो तुकडा त्यांच्या हातातून घेऊन उलटून बघितला.

"ह्या दोन तर अजून बंद हायेत. ह्येच्यावर अंगठा कुनाचा हाय? माझा हाय का बघा." त्यांनी आपला जाडजूड अंगठा पुढं केला.

बाईंनी तिसरी बरणी जवळ ओढली. लाखेवरचा व्रण बोटानं चाचपला. मग सुरी घेतली आणि आमच्या दोघांसमोर लाख फोडली, थेंब काचेवर घेतला, बघितला. चौथी फोडली, बघितली. चारही बरण्यांत तेच पाणी आणि तेच प्राणी होते. पावसाचे चार महिने एका सकाळी भरलेले होते.

त्या स्टुलावर बसल्या. देशमान्यांनी पंखा बंद केला, का ते मला कळलं नाही, आणि बाहेर गेले.

दौंडमधला एकही माणूस फसवू शकणार नाही अशी तजवीज बाईंनी केली होती. ती इतकी चोख होती की उरला तो एकटा वसंता.

त्या शनिवारी त्यांनी मला बरोबर नेलं. "माझ्या कानांवर माझा भरवसा नाही," म्हणाल्या, "तिथं मला जे ऐकायचं आहे तेच ऐकू येईल. दुसरं कुणी हवं."

वसंताचं घर खाडीच्या अगदी काठाला. अंगणात माडाखाली होडी उपडी घातलेली होती आणि तिच्या पाठीवर गोवऱ्या वाळत होत्या. बाई फाटकातच थांबल्या. होडीकडं बघत राहिल्या. मार्गशीर्षात आल्या होत्या तेव्हा त्या घाईत उभ्या उभ्या बरण्या घेऊन निघाल्या होत्या, होडीकडं त्यांनी पाहिलंच नव्हतं. वसंता ओटीवर आला. तिशीतला, उंच, खांद्यांवरून वल्हवणारा माणूस ओळखू यावा असा. बहिणीचा चेहरा बघून तो पुढं आलाच नाही.

त्याच्या बायकोनं, सुशीलानं, चहा आणला. या घरात बाई चहाचा वास घेत नसत, हे मी याआधी एकदा आले होते तेव्हा बघितलं होतं. आजही घेतला नाही. कप तसाच खाली ठेवला.

"होडी किती दिवस उपडी आहे?"

"ताई, चहा घे आधी."

"किती दिवस, वसंता?"

उत्तर सुशीलानं दिलं. "आषाढापास्नं. उलटली, खाडीच्या तोंडाशी. हे तुमची जाळी ओढायला गेलेले. भरती वर आणि वरनं पाऊस. होडीला धरून राहिले, तिकडच्या वाडीवरच्यांनी काढले. घरी आणले तवा बोलत नव्हते. तेव्हापास्नं पाण्यात पाय घालीत नायत. मासे पागायला नाय, कशालाच नाय. आंब्याच्या बागेत कामाला जातात."

"मला कुणी कळवलं नाही."

"नको म्हणाले."

वसंता खाली बघत होता. "मग मार्गशीर्षात तुझा निरोप आला, येतेय बरण्या न्यायला म्हणून," तो म्हणाला. "मी वाडीवरच्या धाकूच्या पोराला पैसे दिले. त्यानं निवळ पाणी बघून एका सकाळी चारी भरून आणल्या. लाख मी ओतली. अंगठा माझा. मला वाटलं, पाणी ते पाणी. त्यातलं तुला एवढं वाचता येतं हे मला कुठं ठाऊक?"

"मला सांगायचं होतंस. मी महिने सोडून दिले असते. तू बुडाला असतास, वसंता."

"कसा सांगणार गो?" त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "तू सगळ्या जगावर संशय घेतेस. नवऱ्यावर घेतेस, शेजारणीवर घेतेस. एक माझ्यावर नाय घेतलास कधी. मग मी तुला नाय कसा म्हणू?"

खाडीवरून वारा येत होता आणि त्यात भरतीचा वास होता. मला तिथं बसणं अवघड झालं. शेवटी त्यांनी तो गार झालेला चहा उचलला आणि एका दमात प्यायला.

परत आल्यावर त्या आपणहून मार्गदर्शकांकडं गेल्या आणि त्या चार महिन्यांचे नमुने खोटे आहेत म्हणून सांगितलं. कुणी खोटे केले ते सांगितलं नाही. मार्गदर्शकांचं म्हणणं पडलं की आधीच्या वर्षीच्या पावसाळ्यावरून अंदाजानं भरा, एवढं कोण तपासतंय. बाई म्हणाल्या, "मी तपासते." अभ्यास एका वर्षानं लांबला. स्टाफरूममध्ये पुन्हा हसणं झालं, या खेपेला देशमाने मात्र हसले नाहीत.

देशमान्यांची माफी त्यांनी मागितली का, असं मला पुष्कळांनी विचारलं. माझ्यासमोर तरी नाही. एकदा एवढं झालं की त्यांनी चिठ्ठी नसलेली एक बरणी देशमान्यांच्या टेबलावर ठेवली.

"मोजा. कुठल्या महिन्याची ते सांगणार नाही. माझं मोजून झालंय, तेही सांगणार नाही."

"म्हंजी पुन्हा संशय?"

"माझ्या मोजण्यावर आहे. तुमच्यावरचा संपला असं समजू नका."

देशमान्यांनी माझ्याकडं बघितलं, बरणी जवळ ओढली आणि मोजायला बसले. तिथून पुढं बाईंच्या दर बरणीची मोजणी दोघांनी वेगवेगळी करायची असा परिपाठ पडला. आकडे जुळले नाहीत की तासन्‌तास वाद. कपाटात केस अडकवणं मात्र बाईंनी सोडलं नाही.

पदवी त्यांना पुढं मिळाली, पण ती दौंडला असताना नाही. सुर्वेसाहेबांची बदली झाली आणि बिऱ्हाड हललं, तेव्हा मी केंदूरला वडिलांच्या आजारपणात अडकले होते. परत आले तर कॉलनीतल्या त्यांच्या क्वार्टरला दुसऱ्याचं कुलूप होतं. नंतर जे काही कळलं ते देशमान्यांकडून. म्हणजे मी त्यांच्याबरोबर शेवटची होते ती त्याआधीच्या श्रावणात, खाडीवर.

सासूबाई वैशाखात वारल्या होत्या. पावसाळ्याच्या बरण्या या वर्षी स्वतः भरायच्या, असं बाईंनी ठरवलं होतं. कॉलेजला जोडून सुट्टी आली तशा आम्ही दोघी निघालो. वल्हवायला वाडीवरचा म्हातारा धाकू येणार होता. खाडीच्या तोंडाबाहेर जायचं नाही, आतल्या अंगाला जेवढं जमेल तेवढंच, असं ठरलेलं. सकाळी आम्ही काठावर आलो तेव्हा पाऊस बारीक लागला होता, पाणी लाल गढूळ. वसंता घरात नव्हता. सुशीला म्हणाली, बागेत गेले असतील, आजच्या दिवशी ते इथं थांबायचे नाहीत.

बाईंनी पदर खोचला, जाळी घेतली आणि धाकूच्या होडीकडं निघाल्या. तेवढ्यात वसंता माडांमधून आला. खांद्यावर दोराचं भलंमोठं वेटोळं होतं. त्यानं दोराचं एक टोक होडीच्या मागच्या कडीला बांधलं.

"हा कशाला?" बाईंनी विचारलं.

"असू दे."

बाईंनी गाठ दोनदा ओढून बघितली आणि होडीत बसल्या.

धाकू वल्हवायला लागला. वसंता काठावर उभा राहून दोर सोडत होता. होडी लांब गेली, वेटोळं लहान होत गेलं, आणि ती तोंडाच्या अलीकडं पोचायच्या आतच दोर संपला. टोक त्याच्या मुठीत ताणलं गेलं. मला वाटलं, आता सोडून देईल. त्यानं पाण्यात पाय घातला. सुशीलानं माझा दंड धरला. तो गुडघ्यापर्यंत गेला, थांबला, पुन्हा पुढं गेला. कमरेपर्यंत. त्याची मान ताठ झालेली मला मागून दिसत होती. होडीतून बाईंनी वळून पाहिलं आणि त्या ओरडल्या, "वसंता, सोड तो दोर." त्यानं सोडला नाही. छातीपर्यंत पाण्यात तो तसाच उभा राहिला, दोन्ही हातांत दोराचं टोक घेऊन, आणि धाकूला होडी तिथंच थांबवावी लागली. बाईंनी तिथंच जाळी सोडली.

जाळी वर आली, बरणी भरली, होडी वळली. धाकू जोरात वल्हवत होता, दोर ओढायची काही गरज नव्हती. तरी वसंता ओढत राहिला, एका हातामागं दुसरा हात टाकत, आणि एकेक पाऊल मागं येत काठाला लागला. होडी वाळूला टेकली तरी त्याच्या मुठी उघडेनात. पावसानं आणि थंडीनं बोटं पांढरी पडली होती. बाई खाली उतरल्या. हातातली बरणी त्यांनी माझ्याकडं दिली, मी ती नीट धरली का हेही बघितलं नाही, आणि भावाचे हात आपल्या हातांत घेऊन त्याची बोटं दोरावरून एकेक करून सोडवू लागल्या.